घंटा सांगते इतिहास : वसईच्या चर्चमधून नाशिकच्या देवळात

इतिहासाची साधनं म्हटलं की आपल्याला ताम्रपट, शिलालेख, नाणी आठवतात. आज आपण एक वेगळंच साधन बघूया. ते म्हणजे घंटा.

नाशिकला पंचवटीत गोदावरीच्या काठावर नारोशंकराचं मंदिर आहे. सरदार नारोशंकर राजेबहाद्दर यांनी ते सन १७४७ मध्ये बांधलं. त्याच्या दर्शनी भिंतीवर एक भलीमोठी घंटा टांगलेली आहे. तिच्यावर साल कोरलंय १७२१. आता गणित करा. देवळापेक्षा घंटा २६ वर्षांनी जुनी! शिवाय तिच्यावरची अक्षरं देवनागरी नाहीत, युरोपीय आहेत. मग ही घंटा आली कुठून?

उत्तरासाठी वसईला जावं लागेल. सन १५३४ मध्ये गुजरातच्या बहादूरशहाकडून वसई पोर्तुगिजांना मिळाली. त्यांनी तिथे मोठा किल्ला उभारला आणि किल्ल्याच्या आत अनेक चर्च बांधली. चर्चच्या बुरुजावर घंटा असायची. तेव्हा घरोघरी घड्याळं नव्हती. सकाळ, दुपार, संध्याकाळची प्रार्थना, लग्न, मरण, संकट, सगळं घंटेवरून गावाला कळायचं. म्हणजे घंटा हा त्या गावाचा आवाजच होता म्हणा ना.

सन १७३७ मध्ये मराठ्यांची उत्तर कोकणातली मोहीम सुरू झाली. बाजीराव पेशव्यांचे धाकटे बंधू चिमाजी अप्पा यांनी वसईला वेढा घातला. तटाखाली सुरुंग लावले गेले, दोन्ही बाजूंची खूप माणसं पडली. शेवटी मे १७३९ मध्ये किल्ला मराठ्यांच्या हाती आला. या विजयाची खूण म्हणून चर्चच्या घंटा देशावर आणल्या गेल्या आणि देवळांना अर्पण झाल्या. नारोशंकराची घंटा त्यातलीच, असं सांगतात. भीमाशंकरलाही अशी घंटा आहे. वाईजवळ मेणवलीला, नाना फडणवीसांच्या वाड्यामागच्या कृष्णेच्या घाटावर आणखी एक आहे. तिच्यावर सन १७०७ आणि बाळ येशूला घेतलेली मरियम दिसते.

इथे एक गोष्ट लक्षात घ्या. घंटा कांशाची असते, म्हणजे तांबं आणि कथील यांचा मिश्रधातू. तोफाही अशाच मिश्रधातूच्या ओतत, फक्त कथिलाचं प्रमाण कमी. म्हणून युद्धात घंटा वितळवायची रीत होती. रशियाच्या पीटर द ग्रेटने सन १७०१ मध्ये आपल्याच देशातल्या चर्चच्या घंटा उतरवून तोफा ओतायला लावल्या. आपल्याकडच्या या घंटा मात्र वितळल्या नाहीत, घंटाच राहिल्या. मरियमेची आकृतीसुद्धा कुणी घासून काढली नाही.

पण नाण्याची दुसरी बाजूही बघायला हवी. ज्या गावाची घंटा गेली, त्या गावातली माणसं तिथेच राहिली होती. त्यांना काय वाटलं असेल? वसईचे ख्रिस्ती बांधव आजही तिथे आहेत, मराठी बोलतात, मराठीतून प्रार्थना करतात. तेही आपलेच. म्हणून वर्गात हा धडा शिकवताना ‘आपण जिंकलो, ते हरले’ एवढ्यावर थांबू नये. पराक्रम सांगावा, आणि हरवलेल्या घंटेबद्दलही बोलावं. दोन्ही मिळूनच इतिहास पूर्ण होतो.

उपक्रम :
१) तुमच्या गावातल्या देवळाची, चर्चची किंवा शाळेची घंटा नीट बघा. तिच्यावर साल, नाव, चित्र आहे का? वहीत उतरवून घ्या.
२) १५३४, १७०७, १७२१, १७३९, १७४७ ही सालं कालरेषेवर दाखवा.
३) ‘मी वसईची घंटा बोलतेय’ या विषयावर दहा ओळी लिहा.