अख्खं तळंच प्रयोगाला लावतात तेव्हा

प्रश्न : मी रंकाळ्याजवळ राहतो. पाणी हिरवं झालं आणि वास सुटला की दरवेळी कारणांवरून वाद होतात. कुणी सांडपाण्याला दोष देतं, कुणी उन्हाला. कॅनडात शास्त्रज्ञांनी एका स्वच्छ तळ्यात मुद्दाम खत ओतून ते हिरवं करून दाखवलं, असं वाचलं. हे खरं आहे का? चांगलं तळं बिघडवायची गरज काय? बाटलीत पाणी घेऊन प्रयोगशाळेत हे पाहता आलं नसतं का?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : खरं आहे. आणि तुमच्या शेवटच्या प्रश्नातच या साऱ्या खटाटोपाचं कारण आहे. बाटलीतले प्रयोग आधी झाले होते आणि त्यांनी चुकीचं उत्तर दिलं होतं.

१९६० च्या दशकात अमेरिका आणि कॅनडाच्या सीमेवरचं ईरी सरोवर आजारी पडलं. किनाऱ्याला शेवाळाचे ढीग लागत, ते कुजत, तळाच्या पाण्यातला प्राणवायू संपे. वर्तमानपत्रं ‘ईरी मेलं’ असं लिहू लागली. शहरांच्या सांडपाण्यातून येणाऱ्या फॉस्फरसवर अनेकांचा संशय होता, आणि त्या फॉस्फरसचा मोठा वाटा कपडे धुण्याच्या पावडरींतून येत होता. पावडरी बनवणाऱ्यांना हे मान्य नव्हतं. दोष कार्बनचा आहे, असं त्यांचं आणि काही शास्त्रज्ञांचंही म्हणणं होतं. त्यांच्या हातात पुरावाही होता: सरोवराचं पाणी बाटलीत घ्या, त्यात थोडा कार्बन घाला, शेवाळ जोमानं वाढतं.

प्रयोग खोटा नव्हता. पण बाटलीत जेवढा कार्बन असतो तेवढाच असतो. शेवाळानं तो संपवला की वाढ थांबते, आणि वरून घातला की पुन्हा सुरू होते. तळं मात्र वरून उघडं असतं. त्याच्या पृष्ठभागातून हवेतला कार्बन डायऑक्साइड पाण्यात उतरत राहतो. बाटलीत हा रस्ताच बंद झालेला असतो, म्हणून तिथं कार्बनची टंचाई दिसते.

ही शंका फिटवायला खऱ्या तळ्यांची गरज होती. १९६८ साली कॅनडा सरकारच्या मत्स्यसंशोधन मंडळानं ऑंटारिओ प्रांताच्या वायव्येला, केनोरा गावापासून आत जंगलात, ५८ छोटी तळी संशोधनासाठी राखून ठेवली. ना तिथं वस्ती, ना शेती, ना कारखाने. ‘एक्सपेरिमेंटल लेक्स एरिया’ असं त्या भागाचं नाव पडलं. तळ्यांना नावं नाहीत, क्रमांक आहेत. कामाची धुरा डेव्हिड शिंडलर या तरुण शास्त्रज्ञाकडे आली. पुढे १९९१ साली पहिला स्टॉकहोम जल पुरस्कार त्यांनाच मिळाला.

सुरुवात २२७ क्रमांकाच्या तळ्यापासून झाली. ते मुद्दाम निवडलं होतं, कारण त्याच्या पाण्यात विरघळलेला कार्बन अगदीच कमी होता. कार्बनवाल्यांचं म्हणणं बरोबर असेल, तर इथं शेवाळ वाढायलाच नको. १९६९ पासून त्यात नायट्रोजन आणि फॉस्फरस घालायला सुरुवात झाली, कार्बनचा कणही घातला नाही. तळं हिरवंगार झालं. लागणारा कार्बन शेवाळानं हवेतून मिळवला.

आता ज्या प्रयोगाबद्दल तुम्ही वाचलं असेल तो. २२६ क्रमांकाचं तळं सुमारे १६ हेक्टरचं, डमरूसारखं, मध्ये चिंचोळं. १९७३ साली त्या चिंचोळ्या जागी काठापासून काठापर्यंत आणि वरपासून तळापर्यंत प्लास्टिकचा जाड पडदा बांधून तळ्याचे दोन भाग केले. हवा एकच, ऊन एकच, पाणीही मुळात एकच. दोन्ही भागांत नायट्रेट आणि साखर घातली, म्हणजे नायट्रोजन आणि कार्बन दोन्हीकडे सारखे. एका भागात मात्र त्याच्या जोडीला फॉस्फरस गेला. थोड्याच दिवसांत तो भाग नील-हरित शेवाळानं भरून गेला आणि पडद्यापलीकडचं पाणी होतं तसंच काळंशार राहिलं. विमानातून काढलेला त्याचा फोटो जगभरच्या पाठ्यपुस्तकांत आहे: पडद्याची रेघ, तिच्या एका अंगाला गडद पाणी, दुसऱ्या अंगाला पोपटी. तळ्यांच्या अभ्यासात याहून बोलकं चित्र मला माहीत नाही. पावडरींतल्या फॉस्फेटवर कॅनडानं १९७० पासूनच मर्यादा घालायला सुरुवात केली होती. या फोटोनंतर त्या निर्णयाला विरोध करणं फार कठीण झालं.

याच सुमारास आणखी एका तळ्यात तिन्ही द्रव्यं घालून शेवाळ वाढवलं आणि मग फक्त फॉस्फरस थांबवला. शेवाळ लगेच ओसरलं. धोरण ठरवणाऱ्यांच्या दृष्टीनं हे निरीक्षण फोटोहूनही मोलाचं होतं. तीन द्रव्यांपैकी एकच अडवायचं आहे, आणि ते सांडपाण्यातून काढता येतं, हे त्यातून कळलं.

नायट्रोजन अडवला तर? त्याचं उत्तर पुन्हा २२७ नं दिलं. तिथं नायट्रोजन टप्प्याटप्प्यानं कमी केला आणि १९९० पासून पूर्ण बंद केला; फॉस्फरस चालू ठेवला. तळं हिरवं होतच राहिलं, कारण नील-हरित शेवाळाच्या काही जाती हवेतला नायट्रोजन स्वतःच बांधून घेतात. मोठ्या सरोवरांत आणि खाड्यांत दोन्ही द्रव्यं अडवायला हवीत, असं मानणारे शास्त्रज्ञ आजही आहेत आणि हा वाद मिटलेला नाही. पण फॉस्फरस सोडून बाकीचं अडवून भागेल, असं सहसा कुणी म्हणत नाही.

प्रश्न : पण मग मासे, किडे, बाकीचे जीव? त्यांचे हाल करून मिळवलेलं ज्ञान योग्य म्हणायचं का?

उत्तर : हा प्रश्न तिथल्या शास्त्रज्ञांनाही पडतो. म्हणूनच प्रयोगाआधी तळ्याची काही वर्षं मोजणी होते, परवानगी घ्यावी लागते, आणि प्रयोग संपल्यावर तळं पूर्ववत होण्याची जबाबदारी प्रयोग करणाऱ्यांवरच असते. माझं मत विचाराल तर, हेच प्रयोग आपण बेफिकिरीनं हजारो तळ्यांवर करत असतो, फक्त मोजत नाही. एका तळ्यात मोजून केलेल्या प्रयोगानं हजार तळी वाचत असतील, तर मी त्याच्या बाजूनं आहे.

२२३ क्रमांकाच्या तळ्याचं पाहा. कारखान्यांच्या धुरातून पडणाऱ्या आम्लाच्या पावसाची चर्चा तेव्हा जोरात होती. पाण्याचा सामू पाचाच्या खाली गेल्याशिवाय माशांना धोका नाही, असा समज होता. १९७६ पासून आठ वर्षं या तळ्यात थोडं थोडं गंधकाम्ल घालून सामू ६.८ वरून ५ च्या आसपास आणला. मोठा ट्राउट मासा बराच काळ टिकून राहिला. वरवर पाहणाऱ्याला तळं ठीकच वाटलं असतं. पण सामू सहाच्या थोडा खाली येताच, बोटाच्या पेराएवढी मायसिस नावाची कोळंबीसारखी जात नाहीशी झाली आणि मिनो जातीच्या लहान माशांची पैदास थांबली. म्हणजे ट्राउटचं अन्नच गेलं. शेवटी शेवटी जाळ्यात येणारे ट्राउट नुसती हाडं आणि कातडी असलेले, डोकं मोठं आणि अंग चिपाड झालेलं, असे होते. ट्राउटला आम्लानं मारलं नाही, उपासमारीनं खंगवलं. प्रयोगशाळेतल्या टाकीत ट्राउटला रोज खाद्य मिळतं. तिथं हे कधीच दिसलं नसतं.

दुसरं उदाहरण २६० क्रमांकाच्या तळ्याचं. गर्भनिरोधक गोळ्यांतलं एक कृत्रिम संप्रेरक सांडपाण्यातून नद्यांत उतरतं. ते २००१ ते २००३ असे तीन उन्हाळे या तळ्यात घातलं. प्रमाण किती? लिटरभर पाण्यात ५ ते ६ नॅनोग्रॅम, म्हणजे ग्रॅमचे पाच-सहा अब्जांश. एवढ्यानं मिनोच्या नरांमध्ये मादीची लक्षणं दिसू लागली, पैदास कोलमडली आणि ती जात तळ्यातून जवळजवळ संपली. संप्रेरक थांबवल्यावर काही वर्षांनी मिनो पुन्हा वाढले. शहरांच्या सांडपाणी प्रकल्पांत अशा द्रव्यांचं काय करायचं, या चर्चेत आजही या तळ्याचा दाखला दिला जातो.

प्रश्न : हवामान बदलाचा या तळ्यांशी काही संबंध लागतो का?

उत्तर : लागतो, आणि तो अशा तळ्यांमुळे लागला ज्यांच्यात काहीच घातलेलं नव्हतं. प्रयोगाच्या तळ्यात बदल झाला तर तो प्रयोगामुळे की हवेमुळे, हे कळावं म्हणून शेजारची काही तळी जशीच्या तशी ठेवून मोजली जातात. २३९ हे त्यांपैकी एक. बर्फ कधी धरलं आणि कधी फुटलं, पाण्याचं तापमान, पारदर्शकता, रसायनं, सूक्ष्म जीव यांची वर्षानुवर्षं नोंद होत राहिली. असं काम कंटाळवाणं असतं, त्याला पैसा मिळवणंही अवघड जातं.

१९९० साली शिंडलर आणि सहकाऱ्यांनी वीस वर्षांच्या या नोंदी मांडल्या. हवा आणि तळ्यांचं पाणी दोन्ही २ अंश सेल्सियसनं तापलं होतं. बर्फ नसलेला काळ तीन आठवड्यांनी वाढला होता. पाऊस सरासरीपेक्षा कमी आणि बाष्पीभवन नेहमीपेक्षा जास्त, त्यामुळे तळ्यांत नवं पाणी येण्याचा वेग मंदावला आणि क्षार साठत गेले. आसपासच्या जंगलांना वणवे लागले. झाडं गेल्यानं वारा थेट तळ्यावर येऊ लागला आणि पाणी अधिक खोलवर घुसळू लागला. पाणीही आधीपेक्षा पारदर्शक झालं, म्हणून ऊन खोल पोहोचलं. उन्हाळ्यात अशा तळ्यात वर कोमट आणि खाली गार असे थर असतात. ट्राउट आणि मायसिस गार थरात राहतात. कोमट थर खाली सरकला आणि त्यांची राहायची जागाच आक्रसली. तापलेल्या हवेचा परिणाम वणवा, वारा आणि पारदर्शकता अशा वळणांनी माशापर्यंत पोहोचतो, हे आधी कुणी कागदावर मांडून सांगू शकलं नसतं.

आणि तरीही २०१२ साली कॅनडाच्या केंद्र सरकारनं या केंद्राचा निधी थांबवायचं ठरवलं. देशभरातून, देशाबाहेरूनही शास्त्रज्ञांनी विरोध केला. अखेर २०१४ पासून विनिपेगच्या ‘इंटरनॅशनल इन्स्टिट्यूट फॉर सस्टेनेबल डेव्हलपमेंट’नं ते चालवायला घेतलं. नोंदींची साखळी तुटता तुटता राहिली. तुटलेली वर्षं नंतर कितीही पैसा ओतला तरी परत मोजता येत नाहीत, म्हणून मला त्या निर्णयाचा आजही राग येतो.

प्रश्न : यातलं रंकाळ्याला काय लागू पडतं?

उत्तर : सगळं नाही. तिथली तळी वर्षातले कित्येक महिने गोठलेली असतात, आपल्याकडे पाण्याचं वर्ष पावसाळ्याभोवती फिरतं. शिवाय वर्षानुवर्षं सांडपाणी पोटात घेतलेल्या उथळ तलावाच्या गाळात फॉस्फरसचा साठा असतो. तळाचा प्राणवायू संपला की गाळातल्या लोहानं धरून ठेवलेला फॉस्फरस सुटतो आणि पुन्हा पाण्यात येतो. म्हणून नाले पूर्ण अडवल्यानंतरही काही वर्षं पाणी हिरवं होऊ शकतं. अशा वेळी ‘नाले अडवूनही उपयोग झाला नाही’ म्हणून काम सोडून देणं चुकीचं ठरेल. जलपर्णी काढली तर ती काठावर कुजत ठेवू नये. तिच्यातली द्रव्यं पहिल्या पावसात पुन्हा तलावात जातात.

आणि पाणी-तपासणीचा अहवाल मागवाल तेव्हा प्राणवायूच्या आकड्यांवर थांबू नका. एकूण फॉस्फरस मोजला आहे का, तो दर महिन्याला त्याच जागी मोजतात का, आणि गाळाचा नमुना कधी घेतला होता, हेही विचारा.