पाड्यावरची छोटी भट्टी : रोशा तेलाचा पहिला धडा



पावसाळा सरत आला की डोंगरउतारावर रोशा गवत फुलोऱ्यावर येते. काही भागांत त्याला तिखाडी म्हणतात. फुलोरा तळहातावर चोळला की गुलाबासारखा वास येतो. या गवताचे तेल लहान भट्टीवर कसे काढावे, हा या अंकाचा पाठ आहे. बचत गटाच्या बैठकीत तो मोठ्याने वाचावा आणि शेवटच्या प्रश्नांवर बोलावे.

जुनी ओळख

हे तेल आपल्याकडे नवे नाही. एकोणिसाव्या शतकात खानदेशात, नंदुरबार-पिंपळनेरच्या बाजूला, ते ओढ्याकाठी काढत. चुलाणावर मोठी कढई, तिच्यावर लाकडी झाकण, आणि पोकळ नळीतून येणारी वाफ वाहत्या पाण्यात ठेवलेल्या तांब्याच्या भांड्यात, अशी ती भट्टी असे. तेल मुंबई बंदरातून तांबड्या समुद्रामार्गे तुर्कस्तानात जाई आणि तिथे गुलाबाच्या अत्तरात मिसळले जाई. युरोपच्या बाजारात त्याला ‘तुर्की’ तेल म्हणत. डोंगर इथला, गवत इथले, कष्ट इथले. नाव मात्र दुसऱ्याचे. म्हणून यावेळी वजन-मापाची वही पहिल्या दिवसापासून आपल्या हातात ठेवू.

मोहाची भट्टी आणि ही भट्टी

पाणी उकळते, वाफ वर जाते, थंड होऊन थेंब पडतात. मोहामुळे हे ज्ञान आपल्या अनेक घरांत आहेच. पण परवान्याशिवाय दारू गाळणे हा महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, 1949 खाली गुन्हा आहे. त्या दारूने घर कसे पोखरले जाते, हे आपल्या बायांना सांगायला नको. तेलाच्या भट्टीत काहीही आंबवायचे नसते. फक्त गवत आणि पाणी. तरीही गैरसमज नको म्हणून काम सुरू करण्याआधी ग्रामसभेत सांगावे, इतिवृत्तात नोंद करावी आणि पोलीस पाटलांना कळवावे. या भांड्यात दारू कधीही गाळू नये.

साहित्य

1. झाकणाचे 20 लिटरचे स्टीलचे किंवा तांब्याचे पातेले. लोखंडाने तेलाचा रंग बिघडतो.
2. आत ठेवायला भोकांची जाळी आणि तिला तिवई.
3. झाकणाला जोडलेली नळी. पुढे तिचे वेटोळे थंड पाण्याच्या बादलीतून जाते.
4. थेंब झेलायला अरुंद तोंडाची काचेची बाटली.
5. वजनकाटा, मोजपात्र, वही.

पातेले नवे किंवा स्वयंपाकाचे असावे. एका पाड्यावर आम्हीच चूक केली. डिझेलचे जुने पिंप तीनदा धुऊन वापरले. व्यापाऱ्याने बाटली उघडली, हुंगली आणि न बोलता परत दिली. तीन दिवसांचे कष्ट ओतून टाकावे लागले. त्या बायांपुढे उभे राहताना मान वर होत नव्हती.

कृती

गवत फुलोऱ्यात असताना कापावे. तेल फुलोऱ्यात आणि पानांत असते, जाड काडीत फारसे नसते. मूळ उपटू नये. वीतभर बुंधा ठेवावा आणि काही ठोंब बियाण्यासाठी तसेच सोडावेत. कापलेले गवत एक दिवस सावलीत सुकवावे.

पातेल्यात 5 लिटर पाणी घालून जाळी ठेवावी. पाणी जाळीच्या खाली राहिले पाहिजे. गवत पाण्यात बुडाले तर तळाला लागते आणि तेलाला करपट वास येतो. जाळीवर 4 ते 5 किलो गवत तुकडे करून भरावे. झाकणाची फट कणकेने लिंपावी.

जाळ मध्यम ठेवावा. बाटलीत पडणारा थेंब हाताला गार लागला पाहिजे. गरम लागला तर बादलीतले पाणी बदलावे, नाहीतर तेल वाफेबरोबर उडून जाते. दोन ते तीन तास चालू द्यावे. तेल पाण्यापेक्षा हलके असल्याने बाटलीत वर तरंगते. ते अलगद काढून, पाण्याचा अंश राहू न देता गडद रंगाच्या काचेच्या बाटलीत गळ्यापर्यंत भरावे. खालचे सुगंधी पाणी टाकू नये. पुढच्या घाण्याला पातेल्यात घालावे.

सावधगिरी

नळीचे तोंड कधीही बंद करू नये. नळी तुंबली तर झाकण उडते आणि वाफेने माणूस भाजतो. घाण्याआधी नळीत फुंकून पाहावे. तेलाची बाटली चुलीपासून दूर ठेवावी, कारण तेल पेट घेते. भट्टीजवळ लेकरे नकोत.

वहीतला हिशेब

ताज्या गवतातून शेकडा 0.3 ते 0.5 इतकेच तेल निघते. म्हणजे 5 किलो गवताचे 15 ते 25 ग्रॅम. एक लिटर तेलाला साधारण पावणेदोनशे ते तीनशे किलो गवत लागते. हे ऐकून निराश होऊ नये, पण डोळे झाकून कर्जही काढू नये. आधी छोट्या भट्टीवर निदान तीन घाणे काढावेत. प्रत्येक वेळी गवत किती, लाकूड किती, किती जणींचे किती तास, तेल किती, हे लिहावे. मग नमुना घेऊन दोन-तीन व्यापाऱ्यांकडे भाव विचारावा. मजुरी आणि सरपण वजा जाऊन हातात काही उरत असेल तरच मोठ्या भट्टीचा विचार करावा.

2006 च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपज गोळा करण्याचा, वापरण्याचा आणि विकण्याचा हक्क आपल्याला दिला आहे. कोणत्या उतारावरचे गवत किती कापायचे, हे ग्रामसभेने ठरवावे.

बैठकीतील प्रश्न

1. आपल्या शिवारात रोशा कुठे उगवतो? आज त्याचे काय होते?
2. गवत जाळीवर का ठेवायचे?
3. एका घाण्याला लागणारे सरपण कुठून आणणार? त्यासाठी झाड तोडावे लागले तर हा धंदा करावा का?
4. वही कोण लिहिणार, आणि पैसे कोणाच्या हातात येणार?

चौथ्या प्रश्नाचे उत्तर बैठक संपण्यापूर्वी नावासह लिहून ठेवावे.