उताराच्या दहा पावले आधी

तुरहळ्ळीच्या जंगलातल्या एका उतारावर मी सायकलच्या हँडलवरून पुढे फेकला गेलो. डाव्या मनगटाला प्लास्टर बसले, बॉक्सिंगची स्पर्धा बुडाली आणि विचार करायला भरपूर वेळ मिळाला. चूक उतारावर झाली असे मला वाटत होते. ती त्याच्या दहा पावले आधी झाली होती.

तुरहळ्ळी बंगळूरच्या दक्षिणेला, कनकपुरा रस्त्याजवळ आहे. तिथे लालबागेतल्या टेकडीसारखाच जुना नाइस खडक उघडा पडलेला दिसतो. तो झिजून सुटणारी भरड वाळू उतारावर पसरते आणि तिच्यावर चाक असे सरकते, जणू फरशीवर हरभरे सांडलेत. मी वेगात आलो, वाळूवर घसरलो आणि घाबरून पुढचा ब्रेक आवळला. वाळू संपून कोरा खडक लागताच चाक जागीच थांबले. मी थांबलो नाही.

ब्रेक लागला की वजन पुढे सरकते. पुढच्या चाकाची पकड वाढते, मागचे हलके होते. म्हणून सायकल खऱ्या अर्थाने थांबवतो तो पुढचाच ब्रेक. त्याला घाबरून फक्त मागचा दाबणारे मागचे चाक फरफटवत खाली जातात. पण तीव्र उतारावर वजन आधीच पुढे आलेले असते. त्यात ब्रेकला हिसका दिला तर आपण उलटणारच. वेग आधी, सपाटीवर उतरवायचा. उतारावर दोन्ही ब्रेक एकेका बोटाने, हलके पण सतत धरायचे आणि वाळू दिसली की सैल सोडायचे. (हे सोडणे सर्वांत अवघड. हात ऐकत नाही.)

सीट आधीच खाली करून ठेवावी. पेडल आडवे, टाचा खाली, कोपरे वाकलेले, कंबर सीटच्या मागे. नजर चाकावर नको, तीन-चार मीटर पुढे हवी. दगडाकडे पाहत राहिलो तर सायकल दगडावरच जाते.

माझे बाबा ट्रक चालवतात. ज्या गिअरवर घाट चढायचा त्याच गिअरवर उतरायचा, असे ते आंबेनळी घाटात सांगायचे. सायकलला इंजिन नाही, पण निर्णय घाटाच्या तोंडाशी घ्यायचा, हे तेच. चढालाही हलका गिअर आधीच टाकावा. मध्येच बदलला तर साखळी कुरकुरते. चढताना सीटच्या टोकावर बसून छाती हँडलकडे झुकवावी, नाहीतर पुढचे चाक उचलते. उभे राहिलात तर मागचे चाक जागीच फिरते.

पालकांसाठी एकच: नव्या सायकलीआधी हेल्मेट आणि हातमोजे घ्या.

परवा परत त्याच उतारापाशी गेलो. सायकल आडवी ठेवली आणि आधी चालत खाली जाऊन आलो. डावीकडे वाळू कमी होती, तिथून वरचा टप्पा उतरलो. खालच्या टप्प्यात पावसाने नवी घळ पाडली होती. तिथे सायकल हातात धरून नेली.