पावसाळ्यात मालवण ओस का पडावं?

प्रश्न : जूनपासून किल्ल्याकडे जाणाऱ्या होड्या बंद होतात आणि न्याहारी-निवासाच्या खोल्या रिकाम्या पडतात. पर्यटन बारमाही व्हावं यासाठी नगरपरिषद काय करू शकते?
— एक नगरसेविका, मालवण

उत्तर : ताई, समुद्र बंद असतो तो जिवाच्या सुरक्षेसाठी. तिथे तडजोड नको. पाहुण्यांना किनाऱ्याकडून गावांकडे वळवा. 1530 साली बांधलेला धामापूरचा तलाव जवळच आहे. 2020मध्ये त्याला जागतिक वारसा सिंचन स्थळाचा मान मिळाला. तलाव, भातलावणी आणि घरगुती रानभाज्यांचं जेवण अशी एका दिवसाची सहल आसपासच्या ग्रामपंचायती आणि महिला बचतगटांना सोबत घेऊन आखता येईल.

दशावतार मुख्यतः जत्रांच्या हंगामात, उघड्यावर रंगतो. पावसाळ्यात ठरलेल्या वारी तो मामा वरेरकर नाट्यगृहात लावा. कलावंतांना बिनहंगामी बिदागी मिळेल आणि रात्रीचा खेळ पाहणारा पाहुणा मुक्कामाला राहील. मुक्काम वाढला, की खानावळ, रिक्षा, बाजार या सगळ्यांना काम मिळतं.

नगरपरिषदेचं खरं बळ रोजच्या कामात आहे : तुंबलेली गटारं, रस्त्यावरचे दिवे, स्वच्छ स्वच्छतागृहं, कचरा. नारळी पौर्णिमेसह वर्षभराचं कार्यक्रमपत्रक दिवाळीआधीच जाहीर करा, म्हणजे लोकांना आगाऊ बेत आखता येतील.

एक आग्रह मात्र धरा. मे महिन्यात पाणी आणि कचरा यांचा ताण येतो. बारमाही पर्यटन म्हणजे बारा महिने मे नव्हे. गर्दी वाटली गेली पाहिजे, आणि गावकऱ्यांचं पाणी आधी.