विस्तव आणि कायदा

चुलीतला विस्तव आपला सोबती आहे. तो भाकरी भाजतो, थंडीत ऊब देतो. पण तोच हाताबाहेर गेला, तर घर पाहत नाही, गोठा पाहत नाही, माणूसही पाहत नाही. म्हणून विस्तव जपून वापरावा, असा कायदाच आहे. तो आज आपण समजून घेऊ.

समजा, एका गावात ऊस तुटून गेला. रानात पाचट पडलं. मालकाने ते भर दुपारी पेटवलं. वारा सुटला होता. बांधावरचं वाळलं गवत काढलेलं नव्हतं. जवळ पाण्याची घागरसुद्धा नव्हती. आग लावून मालक जेवायला घरी गेला.

ठिणग्या उडाल्या. बांध पेटला. शेजारच्या रानात कडब्याची गंजी होती. तिच्या सावलीला एक म्हातारबा झोपले होते. लोक ओरडत धावले. त्यांनी म्हातारबांना ओढून बाहेर काढलं. गंजी जळाली, माणूस वाचला.

मालक म्हणाला, "अहो, मी काय मुद्दाम केलं? आणि कुणाला भाजलं तरी का?"

आपल्यापैकी पुष्कळजण असंच म्हणतील. पण कायदा काय म्हणतो?

मुद्दाम केलं नाही, एवढ्याने सुटका होत नाही. घ्यायला हवी ती काळजी न घेणे, याला हयगय म्हणतात. आणि कुणाला भाजेपर्यंत कायदा वाट पाहत नाही. हयगयीने दुसऱ्याचा जीव धोक्यात घातला, की गुन्हा झाला.

१ जुलै २०२४ पासून आपल्या देशात भारतीय न्याय संहिता लागू आहे. तिच्या कलम २८७ प्रमाणे या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा २,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही शिक्षा होतात. पेट्रोल, रॉकेल अशा पेट घेणाऱ्या वस्तूंनाही हेच कलम लागते.

विहिरीचा सुरुंग, फटाक्यांची दारू अशा स्फोटक वस्तूंसाठी कलम २८८ आहे. त्यात कैद तेवढीच. दंड मात्र ५,००० रुपयांपर्यंत. हयगयीमुळे कुणी दगावलं, तर कलम १०६ प्रमाणे पाच वर्षांपर्यंत कैद आणि शिवाय दंड होतो. आणि मुद्दाम कुणाचं राहतं घर पेटवलं, तर जन्मठेपसुद्धा होऊ शकते.

मग आपण काय करावे? पाचट जाळू नये. रानातच कुजवावे, त्याचे चांगले खत होते. पेट्रोलचा डबा चुलीजवळ ठेवू नये. सुरुंगाचे काम परवानेवाल्याकडूनच करून घ्यावे, आणि आधी सर्वांना लांब करावे. कुठेही विस्तव केला, तर जवळ पाणी ठेवावे. तो पुरता विझल्याशिवाय जागा सोडू नये. आग भडकलीच, तर ११२ नंबरला फोन करावा.

दंडाचे पैसे पुन्हा मिळवता येतात. गेलेला माणूस कुठून आणणार?