भुताला नियम असतो, अफवेला नसतो

प्रश्न : माझा मुलगा आठवीत आहे. सुट्टीत त्याच्या हाती नारायण धारपांची पुस्तकं लागली आणि आता तो दुसरं काही वाचायलाच तयार नाही. सासूबाई रागावतात, ‘पोराच्या डोक्यात भुतं भरू नका.’ आमच्या भागात बुवाबाजी आणि अफवा आधीच कमी नाहीत. गोष्टीत भूत-राक्षस लागतातच कशाला? असं वाचून मुलं भित्री किंवा अंधश्रद्ध होतात का?
– एक वाचक भगिनी, यावल (जि. जळगाव)

उत्तर : ताई, पुस्तकं काढून घेऊ नका. चांगली भयकथा मुलाला भित्रं करत नाही. भीती कुठून येते, कशावर जगते आणि कुठे संपते, हे ती त्याला दाखवते. सासूबाईंची काळजी मात्र खोटी नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी भुताचं गोष्टीतलं काम पाहू. अंधाराची भीती आकार नसलेली असते. रात्रीच्या लाईटवर केळीला पाणी द्यायला गेलेल्या माणसाला पानांची सळसळ ऐकू येते, पण भ्यायचं नेमकं कशाला ते कळत नाही. गोष्ट त्या भीतीला अंग देते, नाव देते, राहायला जागा देते. मुंजा पिंपळावर राहतो, हडळीचे पाय उलटे असतात, चकवा माणसाला रात्रभर त्याच बांधावरून फिरवतो. जागा ठरली की ती टाळता येते, आणि खूण कळली की ओळखताही येतं. म्हणजे भूत आलं की भीतीला नियम येतात, आणि नियम आले की सुटकेचा विचार सुरू होतो.

दुसरं काम याहून मोठं. आपली बहुतेक भुतं ही कुणाच्या तरी अपुऱ्या राहिलेल्या आयुष्याची आठवण आहे. मुंज झाली, पण सोडमुंज होण्याआधीच गेलेला मुलगा मुंजा होतो. बाळंतपणात गेलेली बाई हडळ होते. ज्या काळात सुईणीपलीकडे मदत नव्हती, त्या काळात किती बायका अशा गेल्या असतील! त्यांच्याबद्दल गावाला वाटणारं दुःख आणि अपराधीपण उघड बोललं गेलं नाही. ते गोष्टीत शिरलं आणि हडळ होऊन वेशीवर उभं राहिलं. लोककथेतलं भूत असं काही मागायला आलेलं असतं.

अशा भुताला लोक नुसते भीत नाहीत, पुजतातही; याचा पुरावा तुमच्याच तालुक्यात आहे. ‘मुंज्या’ या 2024 च्या आदित्य सरपोतदारांच्या हिंदी चित्रपटात कोकणातला मुंजा माणसांच्या मागे लागतो. तुमच्या अट्रावलला मात्र मुंजोबाची माघात यात्रा भरते, लोक नवस बोलतात आणि फेडायला येतात. ज्याच्या नावानं एकीकडे अंगावर काटा येतो, त्याच नावापुढे दुसरीकडे हात जोडले जातात. चैत्रात जळगाव-धुळ्याहून हजारो माणसं पायी सप्तशृंगीला जातात. तिथे गड चढायला लागताना पायथ्याशी महिषासुराचं शिर आहे आणि त्याचीही पूजा होते. देवीचं सामर्थ्य कळायला तिच्यासमोर महिषासुर लागतो, हे आपल्या लोकांनी कधीच ओळखलं होतं.

आता लिहिलेल्या कथांकडे येतो. मेरी शेलीच्या ‘फ्रँकेन्स्टाइन’मध्ये (1818) शास्त्रज्ञ एक जीव घडवतो आणि त्याचं रूप पाहून त्याला टाकून पळतो. पुढचा सगळा अनर्थ त्या टाकून देण्यातून होतो. इथे राक्षस निर्माणकर्त्याचा गुन्हा अंगावर वागवत फिरतो. आपल्याकडे धारपांनी (1925–2008) वाड्यात, लहान गावात, मध्यमवर्गीय घरात अशी संकटं आणली. त्यांच्या कथांतला समर्थ हा नायक आधी संकटाचं मूळ शोधतो, मग त्याला भिडतो. रत्नाकर मतकरींच्या (1938–2020) गूढकथांत तर पुष्कळदा भुतापेक्षा माणसाच्या मनाचीच धास्ती वाटते.

धारपांच्या एका कथेतून राही अनिल बर्वे यांना ‘तुंबाड’चं (2018) बीज मिळालं. मुलगा जरा मोठा झाला की त्याच्याबरोबर तो चित्रपट पाहा आणि त्यातल्या हस्तर या राक्षसाच्या प्रसंगांकडे नीट लक्ष द्या. हस्तरला सोनं मिळालंय, पण अन्न मिळालेलं नाही. तो कायमचा भुकेला आहे. चित्रपटाचा नायक विनायक त्याच्याकडच्या मोहरांसाठी दोरावरून खाली उतरतो, पिठाचं रिंगण आखतो आणि पिठाची बाहुली पुढे करतो. हस्तर बाहुली खाण्यात गुंतला की त्याच्या लंगोटातल्या मोहरा ओढून घ्यायच्या. एक बाहुली, मूठभर मोहरा, एवढाच हिशोब. मग विनायकाच्या मुलाला वाटतं, एकदम पुष्कळ बाहुल्या नेल्या तर? त्या नेतात, आणि जितक्या बाहुल्या तितके हस्तर अंगावर येतात. हस्तरनं आपला नियम मोडलेला नाही, तो मोडला माणसाच्या हावेनं. हे तुमच्या मुलाला कुणी उपदेश करून सांगावं लागत नाही, कारण तो धडा त्याला अंगावरच्या काट्यातून कळतो.

पण घाबरण्यात आनंद कसला, असं सासूबाई विचारतील. आपल्या परंपरेनं हा प्रश्न फार पूर्वी घेतला आहे. भरताच्या नाट्यशास्त्रात भयानक हा एक रस आहे आणि भय हा त्याचा स्थायीभाव. त्याचा भाष्यकार अभिनवगुप्त यानं भयाचं उदाहरण म्हणून ‘शाकुंतला’तलं दुष्यंताच्या रथापुढे धावणारं हरिण घेतलं. ते हरिण पाहताना ‘मी भ्यालो’ असंही आपल्याला वाटत नाही आणि ‘कुणी परका भ्याला’ असंही वाटत नाही. ‘मी’ आणि ‘तो’ गळून पडतात, उरतं ते निव्वळ भय, आणि त्याचा आस्वाद घेता येतो. छातीत खरोखर धडधडतं, पण आपण घरात सुरक्षित आहोत हेही मनाला ठाऊक असतं. पोहायला शिकताना कमरेला बांधलेल्या भोपळ्यासारखी ही सुरक्षितता असते. तिच्या आधारानं मूल खोल पाण्याची ओळख करून घेतं.

ही सुरक्षितता काढून घेतली की काय होतं, हे खानदेशनं पाहिलं आहे. 1 जुलै 2018, रविवार. धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाड्याला आठवडे बाजार होता. मुलं पळवणारी टोळी फिरते आहे, असे मेसेज कित्येक दिवस मोबाइलवर फिरत होते. भिक्षा मागून पोट भरणाऱ्या नाथपंथी डवरी गोसावी समाजातल्या पाच जणांना त्या टोळीतले समजून जमावानं बेदम मारलं. पाचही जण गेले. टोळी नव्हतीच. सातपुड्याच्या पाड्यांवर एखाद्या एकट्या बाईला डाकीण ठरवून छळतात तेव्हाही हेच होतं. आजार किंवा मृत्यूचं कारण कळत नाही आणि बिनचेहऱ्याची भीती शेजारणीचा चेहरा उचलते.

गोष्ट आणि अफवा यांतला फरक इथे दिसतो. गोष्ट आपण गोष्ट आहे हे लपवत नाही. तिला शेवट असतो, आणि तिच्यातला राक्षस पुस्तक मिटलं की पुस्तकातच राहतो. अफवा खरेपणाचा आव आणते, तिला शेवट नसतो, आणि ती राक्षस म्हणून जिवंत माणूस मागते. कुणाला सैतान किंवा करणी करणारा ठरवून छळणं हा महाराष्ट्रात 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्याखाली गुन्हा आहे आणि त्याला सहा महिने ते सात वर्षं कैद आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी त्यासाठी अनेक वर्षं झटून काम केलं, आणि त्यांची हत्या झाल्यावरच तो कायदा आला. मुलाला हेही सांगा. धारप वाचणाऱ्या वयात ते समजतं.

म्हणून माझं सांगणं एवढंच. तो वाचतो ते तुम्हीही वाचा आणि जेवताना त्याला तीन प्रश्न विचारा. या भुताला काय हवं होतं? त्याच्यावर आधी अन्याय कुणी केला? ते खरंच असतं तर तू पुरावा काय मागितला असतास? पहिल्या दोन प्रश्नांनी त्याच्या मनात करुणा येईल, तिसऱ्यानं शंका घेण्याची सवय लागेल. रात्री झोप उडत असेल तर पुस्तक दिवसा वाचायला सांगा आणि लहान भावंडांना त्यातलं सांगून घाबरवायचं नाही, एवढी अट घाला. सासूबाईंनाही या गप्पांत ओढा. त्यांनी लहानपणी ऐकलेल्या मुंजा-चकव्याच्या गोष्टी धारपांच्या पुस्तकात नाहीत, आणि त्या नातवाला सांगू शकणारं घरात दुसरं कुणी नाही.