लाल फडकं बांधलं की झालं?

प्रश्न : टेम्पोत सळया भरलेल्या असतात, चार-पाच फूट मागे बाहेर आलेल्या, आणि टोकाला लाल फडकं. एवढं केलं की माल नियमात बसतो का? आणि फडकं असूनही मागची गाडी सळयांवर आदळते कशी?
– एक वाचक, सातपूर, नाशिक

उत्तर : नाही बसत. हा समज जुना आहे आणि त्याला कारणही आहे. पूर्वी माल मागे एक मीटरपर्यंत बाहेर ठेवायची सवलत होती. केंद्रीय मोटार वाहन नियमांतली ती सवलत २०१४ मध्ये काढून टाकली गेली, फडकं मात्र राहिलं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात अशा मालासाठी वीस हजार रुपये दंड आहे. शिवाय माल उतरवण्याचा खर्च वाहनवाल्याच्या माथी, आणि तो नीट लावल्याशिवाय गाडी हलवता येत नाही.

आता दुसरी शंका. मागचा चालक अंतर ठरवतो ते पुढच्या गाडीच्या लाल दिव्यांवरून. दिवे असतात हौद्याच्या शेवटी, सळयांची टोकं त्याच्याही मागे चार-पाच फूट. म्हणजे चालकाला जेवढं वाटतं, तेवढं अंतर मुळात नसतंच. त्यात बारा मिलिमीटरची सळई टोकाकडून पाहिली तर शर्टाच्या बटणाएवढा ठिपका दिसतो. हेडलाइटचा उजेड परतून येईल असं काही तिच्यावर नसतं.

मग फडकं दिसायला हवं ना? दुपारी दिसतं. पण उजेड कमी झाला की डोळ्याला सगळ्यांत आधी लाल रंगच काळपट दिसू लागतो. एकोणिसाव्या शतकात पुर्किन्ये या झेक शास्त्रज्ञानं हे नोंदवलं, म्हणून या परिणामाला त्याचंच नाव आहे. धुळीनं माखलेलं फडकं संध्याकाळी सातला जवळपास नसल्यातच जमा. ताशी साठच्या वेगानं गाडी सेकंदाला सुमारे सतरा मीटर जाते. टोक दिसेपर्यंत ब्रेकची वेळ निघून गेलेली असते. आणि सळया बंपरला नव्हे, थेट काचेला भिडतात. तिथे सीटबेल्ट किंवा एअरबॅग काय करणार?

१२ जानेवारी २०२५ च्या संध्याकाळी आपल्या नाशिकच्या द्वारका उड्डाणपुलावर निफाडहून परतणाऱ्यांचा टेम्पो सळयांच्या ट्रकवर मागून आदळला आणि शहरातली तरुण मुलं गेली. त्यानंतरही असे टेम्पो रोज दिसतात, याचं मला फार वाईट वाटतं.

सळया नेणाऱ्यांची अडचणही खरी आहे. सळई येते बारा मीटरची, म्हणजे चाळीस फुटांची. मधोमध दुमडली तरी वीस फूट उरते आणि ‘छोटा हत्ती’चा हौदा जेमतेम सात फुटांचा. तेव्हा दुकानदाराला सांगून सळया मापानं कापून घ्याव्यात, किंवा भाडं जास्त पडलं तरी लांब हौद्याची गाडी मागवावी.

पवनचक्कीच्या पात्यासारखा माल कापता येत नाही. त्याला सक्षम अधिकाऱ्यांची खास परवानगी लागते. अशा मालाची खूण टोकालाच हवी आणि उजेड परतवणारी हवी. इटलीत त्यासाठी पन्नास सेंटीमीटर चौरस, लाल-पांढऱ्या तिरक्या पट्ट्यांची पाटी सक्तीची आहे. रात्री टोकाशी लाल दिवाही पाहिजे, आणि मालानं गाडीचे मूळ दिवे झाकता कामा नयेत.

पुढे असा टेम्पो दिसलाच तर अंतर दिव्यांपासून नव्हे, टोकापासून मोजा आणि वळणावर त्याच्या शेजारी जाऊ नका. टेम्पो डावीकडे वळला की मागची टोकं उजवीकडे फिरतात.